दहा हजारांत एक: रक्तगटांचा इतिहास आणि आपण



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना जाताना आम्ही एकच प्रश्न सोबत नेत होतो. हप्त्याची वही मिटली की विचारायचं, "ताई, तुमचा रक्तगट कोणता?" मुलांचा बऱ्याच जणींना सांगता यायचा, कारण तो शाळेच्या ओळखपत्रावर असतो. मालकांचाही यायचा, कारण गाडीच्या लायसनवर असतो. स्वतःचा विचारला की बाया एकमेकींकडे बघायच्या. "बाळंतपणात तपासला होता वाटतं. कागद कुठं गेला, देव जाणे."

एका बैठकीत मागं बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं. पोरीचं रक्त निगेटिव्ह निघालं म्हणे." मग बैठक लवकर उठलीच नाही. निगेटिव्ह म्हणजे वाईट का? नवरा-बायकोचा एकच गट असला तर मूल होत नाही, हे खरं का? आईबापाचा गट एक आणि लेकराचा दुसराच, असं होतं का? शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी आवाज खाली केला होता. तो का खाली केला, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

म्हणून आजच्या भाषणात रक्तगटांचा इतिहास सांगायचं आम्ही ठरवलं. या इतिहासात परदेशातले शास्त्रज्ञ आहेत, तसंच मुंबईचं परळ आहे, आणि आपला सातारा-सांगलीचा मुलूखही आहे.

सुरुवात होते १९०० साली, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात. त्याआधी एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले होते. कुणी जगायचं, कुणी तडफडून मरायचं. असं का होतं, ते कुणाला कळत नव्हतं. कार्ल लँडस्टायनर नावाच्या डॉक्टरांनी आपल्याच प्रयोगशाळेतल्या माणसांचं रक्त घेतलं आणि एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तातल्या पाण्यात मिसळून पाहिलं. काही जोड्या नीट मिसळल्या. काहींच्या मात्र नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. १९०१ साली त्यांनी तीन गट जाहीर केले. त्यांना आज आपण ए, बी आणि ओ म्हणतो. चौथा एबी हा गट त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ साली सापडला. या शोधासाठी लँडस्टायनरना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे गट आईबापांकडून लेकरांकडे ठरलेल्या नियमानं येतात, हे १९१० साली फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्झफेल्ड या दोघांनी दाखवून दिलं.

आता या हिर्झफेल्डांच्या घरात जाऊ. त्यांच्या पत्नी हाना हिर्झफेल्ड लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. पहिल्या महायुद्धात हे दोघं नवरा-बायको सर्बियाच्या सैन्याबरोबर ग्रीसमधल्या सालोनिका इथं होते. तिथं इंग्रज, फ्रेंच, इटालियन, रशियन अशा कितीतरी देशांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. इंग्रजांच्या फौजेत आपले हिंदी शिपाईही होते. त्या वर्षांत साताऱ्याच्या गावागावांतून पोरं लढाईवर गेली होती. अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' हे नाव त्याच परंपरेनं मिळालं. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, असा तिथला इतिहास सांगतो.

सालोनिकाला हाना आणि लुडविक यांनी शिपायांचे रक्तगट तपासायला घेतले. हिंदी शिपायांपैकी तर एक हजार जणांचं रक्त तपासलं. १९१९ साली त्यांनी आकडे छापले आणि जग चकित झालं. इंग्रजांत शंभरातले ४३ जण ए गटाचे होते आणि बी गटाचे फक्त ७. हिंदी शिपायांत उलटं होतं. ए गटाचे १९ आणि बी गटाचे ४१. रक्तगट तेच चार, पण त्यांचं प्रमाण मुलखागणिक वेगळं. एखादा गट किती जणांत असतो, हे माणसांच्या मोठ्या समूहांत मोजून पाहण्याचं शास्त्र इथून सुरू झालं, आणि ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक बाई होती, हे ध्यानात ठेवू.

पुढं काही लोकांनी या आकड्यांचा भलताच अर्थ लावला. अमक्या वंशाचं रक्त शुद्ध, तमक्याचं हलकं, असं बोलू लागले. त्या विचाराचा सर्वात मोठा फटका हिर्झफेल्ड कुटुंबालाच बसला. ते ज्यू वंशाचे होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांना वॉर्सा शहरातल्या कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबलं. तिथून ते निसटले, लपून राहिले, पण त्यांची मुलगी १९४३ साली गेली. युद्ध संपल्यावर हानाबाईंनी पुन्हा लेकरांचा दवाखाना आणि शिकवणं हाती घेतलं.

आपल्याकडं काय प्रमाण आहे? आज भारतात शंभर माणसं घेतली तर साधारण ३० ते ३५ जण ओ गटाचे आणि तितकेच बी गटाचे निघतात. ए गटाचे २२ ते २५ आणि एबीचे ७-८. आपला महाराष्ट्रही याच्या जवळपासच आहे. दोन हजार वस्तीचं गाव धरलं तर बी गटाचे सहाशे-साडेसहाशे, ओ गटाचेही तितकेच, ए गटाचे साडेचारशे-पाचशे आणि एबीचे दीडशेच्या आसपास. या चौघांत चांगला गट कुठला आणि वाईट कुठला, असं काही नाही.

प्रमाण मुलखागणिक का बदलतं? त्याला कारणं पुष्कळ आहेत. माणसं थोडी असताना कुठं स्थायिक झाली, कुणाशी सोयरिकी केल्या, कुठल्या साथीतून वाचली, यावर ते ठरत गेलं. ओ गटाच्या माणसाला मलेरिया झाला तर तो जिवावर बेतण्याचा धोका थोडा कमी असतो, असं दिसून आलं आहे. कॉलऱ्याचं उलटं. तो ओ गटाच्या माणसाला जास्त जोरात होतो. एका रोगात उपयोगी पडलेला गट दुसऱ्यात नडतो. मग श्रेष्ठ कोण म्हणायचं?

आपल्या महाराष्ट्रात हा अभ्यास एका बाईनंच नेटानं केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावतीबाई कर्वे तुम्हाला 'युगान्त'मुळं ठाऊक असतील. त्या गावोगाव फिरून माणसांची मापं घेत, रक्ताचे नमुने गोळा करत. त्यांनी आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींचा तुलनात्मक अभ्यास १९६८ साली छापला. या आठही जाती समाजात एकाच पायरीवरच्या मानलेल्या, पण एकमेकींत सोयरीक न करणाऱ्या. पायरी एक असली म्हणून मूळ एकच असेल असं नाही, असं इरावतीबाईंचं म्हणणं होतं. आम्हाला यातून एक साधी गोष्ट उमगते. चारही गट सगळ्या जातींत सापडतात. रक्ताच्या थेंबावरून कुणाची जात सांगता येत नाही. दवाखान्यात बाटली लावताना कुणी जात विचारत नाही, आणि विचारून उपयोगही नाही.

आता निगेटिव्हचं बघू. १९३९ साली न्यूयॉर्कमधल्या एका बाईची हकीकत छापून आली. तिला मेलेलं मूल झालं होतं. तिचं रक्त फार गेलं होतं, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचा गट ओ. तरीही तिला भयंकर त्रास झाला. फिलिप लेव्हिन आणि स्टेटसन या डॉक्टरांनी ओळखलं, की बाळाच्या रक्तात बापाकडून आलेलं काहीतरी आहे, जे आईच्या रक्तात नाही, आणि आईच्या शरीरानं त्याच्याशी झुंज घेतली आहे. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, लँडस्टायनर आणि वीनर यांनी आरएच हा घटक जाहीर केला. तो असला तर पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे एवढंच. त्यात रोग नाही, दोष नाही.

युरोपात शंभरातले साधारण पंधरा जण निगेटिव्ह असतात, आपल्याकडं पाचच्या आसपास. दोन हजारांच्या गावात शंभर जण. त्यातले ओ निगेटिव्ह तीस-पस्तीस, आणि एबी निगेटिव्ह सात-आठच. म्हणूनच निगेटिव्ह रक्ताची निकड पडली की धावपळ होते.

बाईच्या बाबतीत प्रश्न कुठं येतो? आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईचं शरीर त्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. पहिलं मूल बहुतेक वेळा सुखरूप असतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती तयारी बाळावर उलटते. बाळाला जन्मताच जबर कावीळ होते, नाहीतर ते पोटातच जातं. मैत्रिणींनो, पहिलं जगलं आणि पुढची एकामागून एक गेली, अशा किती बायकांना पूर्वी पांढऱ्या पायाची, करणी लागलेली म्हटलं गेलं असेल. त्यातल्या काही जणींचं खरं कारण एवढंच असणार.

यावर उपाय निघाला १९६० च्या दशकात, आणि १९६८ पासून अँटी-डी नावाचं इंजेक्शन वापरात आलं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते द्यायचं. सातव्या महिन्याच्या सुमाराला, २८ व्या आठवड्यातही ते देतात. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारून घ्यायचं. नवराही निगेटिव्ह असेल तर हा प्रश्नच उरत नाही. म्हणजे त्या मावशींच्या भाचीचं लग्न मोडायचं काही कारण नव्हतं. तिला गरज होती ती वेळेवर मिळणाऱ्या एका इंजेक्शनची. आणि नवरा-बायकोचा एकच गट असला तरी मुलाबाळांना त्यानं काही होत नाही, हेही सांगून ठेवतो. लग्नाच्या बायोडाट्यात रक्तगट लिहायला हरकत नाही, फक्त तो पोरीला नाकारायला वापरू नका.

आता येते आपली गोष्ट. १९५२ साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर एक कोडं आलं. काही माणसांचं रक्त काचेवर ओ सारखं दिसायचं, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नव्हतं. मिसळलं की गुठळ्या. नमुने लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूटकडं पाठवले गेले. तिथं रेस आणि मॉर्गन यांच्या जोडीला रूथ सँगर आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या दोन बायकाही शास्त्रज्ञ होत्या. या सातही जणांच्या नावानं 'लॅन्सेट' या साप्ताहिकात शोध छापला गेला. हाच पुढं 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला गेला.

हे रक्त वेगळं कसं? घराचं उदाहरण घेऊ. रक्ताच्या पेशीवर आधी 'एच' नावाचं जोतं असतं. त्या जोत्यावर ए ची भिंत चढली तर गट ए, बी ची चढली तर बी, दोन्ही चढल्या तर एबी. नुसतंच जोतं असलं तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसात हे जोतंच नसतं. त्यामुळं त्याच्या शरीराला ओ रक्तातलं एच सुद्धा परकं वाटतं. ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, असं आपण ऐकतो, पण या माणसाला ते विषासारखं आहे. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं.

नाव बॉम्बेचं पडलं, पण रक्त एकट्या मुंबईचं नाही. केईएमच्या भोवताली गिरणगाव होतं. तिथल्या चाळींतून कोकणातली आणि घाटावरची, आपल्या साताऱ्याकडची माणसं राहायची. पोटापाण्यासाठी गेलेल्या माणसांनी रक्तही बरोबरच नेलं होतं. पुढं आयसीएमआरनं १९५७ साली केईएमच्याच आवारात रक्तगटांचं केंद्र उघडलं. आज ती राष्ट्रीय संस्था आहे. नंतरच्या तपासण्यांत या गटाची माणसं जास्त करून महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात सापडत गेली. युरोपात हा गट दहा लाखांत एकाचा, भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात ३० लाख आणि सांगलीत २८ लाख माणसं होती. त्या प्रमाणानं हिशेब केला तर आपल्या दोन जिल्ह्यांत पाच-सहाशे जण निघतील. हा नुसता हिशेब झाला, घरोघरची मोजणी नव्हे. पण यातल्या बहुतेकांच्या कागदावर आज 'ओ' लिहिलेलं असणार.

हा गट घराण्यात कसा उतरतो? जोतं नसण्याचा अंश आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर काही दिसत नाही, तो माणूस फक्त पुढं वाहून नेतो. दोघंही असे वाहक असतील तर प्रत्येक लेकरात चारात एक अशी शक्यता असते. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी चाल आहे. वाहक असलेल्या मुलानं परक्या घरातली मुलगी केली, तर तीही वाहक असण्याची शक्यता वरच्या हिशेबानं फार तर पन्नासात एक. सख्ख्या मामाची मुलगी केली तर आठात एक. म्हणून अशा घरांत हा गट जास्त दिसतो. बॉम्बे गट म्हणजे आजार नव्हे, ही माणसं ठणठणीत असतात. अडचण येते ती रक्त लागलं तरच.

आता तो खाली आवाजातला प्रश्न. आई ओ, बाप ओ, तर मूल ओच व्हायला हवं, असा नियम आहे. समजा आईचा गट काचेवर ओ दिसला, बापाचा ओ, आणि मूल निघालं बी. घरात काय होईल? बोट कुणाकडं दाखवलं जाईल, ते तुम्हाला माहीत आहे. पण ती आई बॉम्बे गटाची असेल तर? तिच्यात बी ची भिंत बांधायची शिकवण असते, फक्त जोतं नसल्यानं भिंत उभी राहत नाही. लेकराला बापाकडून जोतं मिळतं आणि आईची बी दिसू लागते. मूल त्याच बापाचं, रक्तगट बी. १९५५ साली लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका इटालियन घराण्यात नेमकं हेच छापून दाखवलं. त्या बाईत बी दिसत नव्हता, पण तिच्या एका मुलीत तो उतरला होता. काचेवरच्या एका थेंबावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करू नये, याला सत्तर वर्षांपासून शास्त्राचा आधार आहे. आणि बऱ्याचदा तर कारण याहून साधं असतं. कार्डावर गटच चुकीचा लिहिलेला असतो.

मग आपण करायचं काय? पहिलं, प्रत्येकीनं आपला गट आणि आरएच माहीत करून घ्यायचा. गरोदरपणात तो तपासतातच. माता-बाल कार्डावर लिहिलाय का, ते आशाताईंना दाखवून बघायचं. दुसरं, निगेटिव्ह असाल तर अँटी-डीची चौकशी बाळंतपणाआधीच करून ठेवायची, ७२ तासांतली धावपळ टळते. तिसरं, रक्तपेढीत "तुमचं रक्त ओ रक्ताशी जुळत नाही" असं कुणी सांगितलं, तर बॉम्बे गटाची तपासणी करा म्हणून सांगायचं. तसा गट निघालाच तर भावंडांचीही तपासणी करून घ्यायची. बाहेर दहा हजारांत एक सापडणारा माणूस सख्ख्या भावंडांत चारात एक असू शकतो. पाठचा भाऊ किंवा बहीण हीच तुमची रक्तपेढी.

चौथं, रक्तदान. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून बंद झालं. तेव्हापासून सगळा भार शिबिरांवर आहे. गावच्या शिबिरात रांग पुरुषांची आणि चहा-पोहे बायकांचे, असं दिसतं. आपणही देऊ शकतो. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा हवं. एकदा दिलं की बायकांनी चार महिने थांबायचं. बऱ्याच जणींना हिमोग्लोबिनपाशीच परत पाठवतात, कारण आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे रक्त देण्याआधी आपल्याला स्वतःसाठी रक्त कमवायचं आहे. लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, कडधान्यं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं न खाता सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवण.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीत एक नवा रकाना आखा. नावापुढं रक्तगट. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत तपासून आणायचा. कधी रात्री-बेरात्री कुणाची सून अडली, तर ही वही उघडून कुणाला उठवायचं ते कळेल.